चालतं, अडकतं, चालत नाही

शाळेतल्या बाई परवा घरी आल्या होत्या. दिवाळी अंकात गावातल्या कामकरी बायांचे अनुभव घ्यायचे आहेत, तुम्ही अकरा वर्षं कॉम्प्युटर सेंटरवर होता, त्याचं लिहून द्या, म्हणाल्या. मी म्हणाले, मला कुठं लिहिता येतंय, आणि चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तोवर विषय बदलला होता. पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून वहीत लिहायला घेतलं. द्यायचं की नाही ते नंतर बघेन.

माझं शिक्षण चौथी, नांदूरघाटला. लग्न होऊन युसूफ वडगावला आले. इथं वैजनाथआप्पांचं दुकान होतं. आधी तो एसटीडी बूथ होता. फोन घरोघर झाले तसं आप्पांनी झेरॉक्सचं मशीन आणलं, आणि गावात झेरॉक्सवाले चार झाले तसे कॉम्प्युटर मांडले. पाटी तीनदा रंगवली, बूथची काचेची खोली मात्र तशीच ठेवली. तिच्यात स्वतःचा नवा कॉम्प्युटर ठेवून आप्पा बसायचे. आम्ही तिला केबिन म्हणायचो. माझं काम झाडणं, पुसणं, माठ भरणं आणि येणाऱ्याला चपला बाहेर काढायला लावणं. हे शेवटचं मला कधी जमलं नाही. मोठ्या माणसाला चपला काढा कसं म्हणायचं? तो गेल्यावर मी फरशी पुन्हा पुसायची.

शिकवायला बीडचे अझहर सर होते. पंचविशीचे, अंगानं बारीक, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू पिळायचा पेचकस. केबिनमधला सोडला तर बाकीचे आठ कॉम्प्युटर एका कचेरीनं काढून टाकलेले होते. आप्पांनी ते टेम्पोत घालून आणले आणि सरांनी उघडून, पुसून, एकाचं दुसऱ्याला लावून चालू केले.

आता प्लगिन म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ते कळायला लई दिवस लागले. इंटरनेटची पानं ज्यातून दिसतात त्याला ब्राउझर म्हणतात. त्या काळी ब्राउझरला लिहिलेलं आणि थांबलेलं चित्र तेवढं नीट दाखवता यायचं. चित्र हललं पाहिजे, दाबलं की घंटा वाजली पाहिजे, तर त्याला वरून एक जोड लावावा लागायचा. शिलाई मशीनला पिको करायचं वेगळं फूट लावतात तसा. तो जोड म्हणजे प्लगिन. तो एका परदेशी कंपनीचा असायचा, जवळजवळ सगळीकडं तोच. पैसे पडत नव्हते, पण त्याच्या आत काय आहे ते कंपनी कुणाला दाखवत नव्हती. पुढं कंपनीनं ठरवलं की इतक्या जुन्या कॉम्प्युटरवर नवा प्लगिन चालणार नाही. पानं तर नवाच मागायला लागली. आमच्या आठही कॉम्प्युटरवर चित्रांच्या जागी करडे चौकोन आले.

आप्पा केबिनमधून बाहेर आले. म्हणाले, "सर, मंग आता ह्ये भंगारात घालू का?"

"थांबा की आप्पा. दुसरं हाय."

"कुण्या कंपनीचं?"

"कंपनीचं न्हाई. लोकांचं हाय. जगातले लोक आपापल्या घरी बसून बनवतेत."

"पगार कोन देतंय त्यांला?"

"कोनीच न्हाई."

"मंग कावून बनवतेत?"

सरांना ते आप्पांना पटेल असं सांगता आलं नाही. सर त्याला मोकळं प्लगिन म्हणायचे आणि आप्पा फुकटचं प्लगिन म्हणायचे. दोन्ही खरं होतं. त्याच्या आतलं सगळं कुणालाही उघडून बघता यायचं, दुरुस्त करता यायचं. बनवणाऱ्यांना कंपनीच्या प्लगिनची आतली रीत माहीत नव्हती. बाहेरून बघून, अंदाज बांधून ते तसंच दुसरं बनवत होते. त्यामुळं ते मधेच अडकायचं. आणि म्हणून त्यांना एक माणूस फार लागायचा. कुठं अडकतं ते नीट बघून सांगणारा.

हे काम माझ्याकडं कसं आलं ते गमतीचंच आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की सर मला एका कॉम्प्युटरवर बसवायचे आणि आपण दुसरा उघडून बसायचे. "ताई, जे दिसंल ते दाबा. घाबरू नका, मोडलं तर माझ्या नावावर." मी दाबायची आणि वहीत लिहायची. तीनच शब्द ठरले होते. चालतं, अडकतं, चालत नाही. अडकतं तर कुठं अडकतं तेही लिहायचं. सरांचे विद्यार्थी हे काम करायला बसले की पाच मिनिटांत कंटाळायचे. सर म्हणायचे, "ह्या पोरांला सगळं येतंय, म्हणून ते बघतच न्हाईत. तुमी बघता."

मला कुणी असं आधी म्हटलं नव्हतं.

पहिली तक्रार गेली ती मन्मथकाकांची. काकांचं कापडाचं दुकान होतं, आणि दर सोमवारी सकाळी ते आमच्याकडं येऊन एका पानावर पूजा करायचे. पानावर महादेवाची पिंड असायची. बटण दाबलं की वरून बेलाचं पान पडायचं, दुसरं दाबलं की घंटा. खरं देऊळ त्यांच्या दुकानामागंच होतं, पण हे त्यांना नवीन होतं. मोकळं प्लगिन लावल्यावर बेलाचं पान निघालं ते मध्येच हवेत थांबलं. काकांनी हात जोडलेले. पाच मिनिटं झाली तरी ते तसेच.

"सुमनबाई, पान खाली येईना."

मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी झालं.

"काका, वाहिलं की पोचलं," सर म्हणाले.

"तू कशाला सांगतो मला महादेवाचं?" काका हसले. "पोचलं तर पोचलं, पन पुढच्या सोमवारी ते वरच दिसलं तर मी आप्पाला सांगीन."

मी वहीत लिहिलं: बेल अडकतो, अर्ध्यात. सरांनी ते इंग्रजीत करून पाठवलं. चार दिवसांनी तिकडून कुणाचंतरी उत्तर आलं. हे पान कशाचं आहे, ते पडून कुठं थांबायला पाहिजे आणि थांबल्यावर तिथंच राहायला पाहिजे का. सरांनी मला विचारलं, मी सांगितलं, सरांनी लिहिलं. नवीन प्लगिन आलं तेव्हा बेल बरोबर पिंडीवर पडला. काकांना काही विशेष वाटलं नाही, मला वाटलं. कुठल्या देशातल्या माणसानं, त्याला बेल म्हणजे काय ते माहीत नसताना, माझ्या वहीतल्या एका ओळीवरून तो खाली आणला होता. त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यावरच्या बायांशी आपणहून बोलले.

आता खरं सांगायचं ते.

दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं ऊसतोडीला जातात. पोरं मागं ठेवायची तर शाळेतच हंगामी वसतिगृह असतं. त्या वर्षी एका संस्थेनं त्या पोरांसाठी इंटरनेटवर गणिताचे धडे केले होते. हलत्या चित्रांचे, मराठीतून, चाळीस धडे. पाचवी-सहावीची वीस-बावीस पोरं दर शनिवारी आमच्या सेंटरवर यायची. संस्थेच्या मॅडमनी आप्पांना स्पष्ट सांगितलं होतं, की तुमच्या कॉम्प्युटरवर चाळीसच्या चाळीस धडे नीट चालले तर हा वर्ग हंगाम संपेपर्यंत इथंच राहील. नाहीतर संस्था तालुक्याला, केजला, नवे कॉम्प्युटर लावणार आहे, तिकडं हलवू. केजला वसतिगृहातली पोरं कोण नेणार होतं? म्हणजे वर्ग बंदच. महिन्यानं मॅडम बघायला येणार होत्या.

सरांनी चाळीस धडे माझ्याकडं दिले. एकच नियम घातला. प्रत्येक धडा आधी आप्पांच्या केबिनमध्ये कंपनीच्या प्लगिनवर बघायचा, मग बाहेर मोकळ्यावर, आणि दोन्हीकडं सारखं झालं तरच चालतं लिहायचं. "ताई, एकीकडं बघून काय बी कळत न्हाई. दोन्हीकडं बघून घ्या."

मी सदतीस धडे तसेच बघितले. आप्पा जेवायला गेले की मी केबिनमध्ये जायची. आप्पा कधी रागावले नसते, पण ते बसलेले असताना, जरा उठा, मला बघायचंय, असं म्हणणं माझ्याच्यानं झालं नसतं. नेमकं वही द्यायच्या आठवड्यात त्यांचे पाटोद्याचे पाहुणे आले. केबिनमध्ये दिवसभर माणसं, चहा, आप्पांच्या पुतणीच्या सोयरिकीच्या गोष्टी. तीन धडे राहिले होते. ते मी एकीकडंच बघितले आणि चालतं लिहून टाकलं.

त्यातला एक अपूर्णांकाचा. दोन पाट्या असायच्या, एकीवर एक तृतीयांश लिहिलेलं, एकीवर एक चतुर्थांश. दोन ताटं बाजूनं सरकत येऊन एकमेकांना ओलांडून जागेवर बसायची, एक मोठ्या वाट्याचं, एक लहान वाट्याचं. पाटी माऊसनं ओढून ताटात ठेवायची. बरोबर आलं की वरचा पोपट मान हलवून शाब्बास म्हणायचा, चुकलं की पुन्हा बघ.

मी तृतीयांश मोठ्या ताटात ठेवला. पोपट म्हणाला, पुन्हा बघ. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. मग चतुर्थांश ठेवला. शाब्बास.

मी थांबले. भाकरी तिघांत वाटली तर जास्त येते, चौघांत वाटली तर कमी. हे मला सांगायला शाळा लागत नाही, मी रोज वाटते. पण मी चौथी शिकलेली आणि धडा पाचवीचा. मला खरंच वाटलं की पुढच्या इयत्तेत हे वेगळं असेल. चारचा आकडा मोठा, म्हणून वाटा मोठा, असा काही नियम असेल जो मला शिकवायचा राहिला. चित्र अडकलं नव्हतं, पोपट बोलत होता. मी लिहिलं, चालतं. सरांना विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पण मग मला काय येत नाही ते सरांना कळलं असतं.

शनिवारी पोरं आली. त्यांत मंगल नावाची मुलगी होती. आईबाप कारखान्याकडं गेलेले, धाकटा भाऊ तिच्याजवळ. बोलायला फटकळ. धडा करताना तिचा हात वर.

"मौशी, ह्यो पोपट खुळा हाय."

"कावून?"

"तिघात वाटली तर जास्ती येती ना भाकर? ह्यो न्हाई म्हनतो."

बाकीची पोरं हसली. सर पलीकडं एका मुलाचा माऊस नीट करत होते. त्यांना ऐकू गेलं नाही. मी खाली वाकून तिला हळूच म्हणाले, "कॉम्प्युटर सांगतंय तेच खरं. तसंच ठेव."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग चतुर्थांश उचलून मोठ्या ताटात ठेवला. शाब्बास आलं. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी तिनं विचार न करता ठेवला.

पाहुणे रविवारी गेले. सोमवारी आप्पा परळीला गेलेले, केबिन रिकामी. मला राहवलं नाही. कंपनीच्या प्लगिनवर तो धडा उघडला. तृतीयांश मोठ्या ताटात ठेवला. पोपट म्हणाला, शाब्बास.

मंगल बरोबर होती, भाकरी बरोबर होती. मी मात्र चालतं लिहिलेली वही सरांना देऊन मोकळी झाले होते, आणि सरांनी चाळीसही धडे चालतात असं मॅडमना कळवूनही टाकलं होतं. मॅडम पुढच्या सोमवारी येणार होत्या. माझ्याकडं पुरते आठ दिवस होते.

आठ दिवसांत मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. रोज ठरवून जायची. सरांच्या टेबलापाशी उगीच दोनदा पुसायची. बुधवारी सरांनी आपणहून विचारलं.

"ताई, काही ऱ्हायलंय का? चेहरा कावून असा केलाय?"

"न्हाई सर."

"टेन्शन घेऊ नका. तुमी बघितलंय म्हंजे झालं."

असं म्हटल्यावर मी कसं सांगणार होते? नियम मोडला हे तर होतंच. त्याहून जड हे होतं, की तीन आणि चारमध्ये मोठा वाटा कोणता हे मी यंत्राला विचारून ठरवलं. शुक्रवारी प्लगिनची नवीन आवृत्ती आली. सरांनी ती आठही कॉम्प्युटरवर चढवली. मला वाटलं, यात सुधारलं असेल. मी बघितलं. नव्हतं. शनिवारी पोरांची कसलीशी शाळेची सहल होती, वर्ग झाला नाही. तेवढंही मला बरं वाटलं.

सोमवारी मॅडम आल्या. साध्या होत्या, माठातलं पाणी स्वतः घेऊन प्यायल्या, चपलाही न सांगता बाहेर काढल्या. वसतिगृहातली सात-आठ पोरं बोलावली होती. तीन धडे छान झाले. आप्पा केबिनच्या दारात उभे राहून बघत होते. मग मॅडम म्हणाल्या, "अपूर्णांक घेऊ. तो मुलांना अवघड जातो. कोण करतंय?"

मंगल पुढं झाली. हुशार पोर. यंत्राला काय आवडतं ते तिच्या पक्कं ध्यानात होतं. ताटं सरकत आली, तिनं चतुर्थांश उचलला आणि मोठ्या ताटात ठेवला. पोपट म्हणाला, शाब्बास. ती वळून मॅडमकडं बघून हसली.

मॅडम हसल्या नाहीत. तिच्याशेजारी स्टूल ओढून बसल्या. "बाळा, भाकरी तिघांत वाटली तर जास्त येते का चौघांत वाटली तर?"

मंगल म्हणाली, "घरी तिघात. हितं चौघात."

मॅडमनी विचारलं, "असं कुणी सांगितलं?"

"पोपटानं." आणि मग, तिला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, "मौशीबी म्हनली."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या फडक्याकडं बघत होते.

मॅडम मला काही बोलल्या नाहीत. सरांशी बोलल्या, तेही हळू आवाजात. "एक धडा बंद पडला असता तर मी समजून घेतलं असतं. पण हा चुकीचं शिकवतोय आणि शाब्बास म्हणतोय. बाकीच्यात काय असेल ते मी कशावरून धरू?" सर म्हणाले, मला पंधरा दिवस द्या, मी दुरुस्त करून घेतो. मॅडम म्हणाल्या, हंगामच तीन महिन्यांचा उरलाय.

पुढच्या शनिवारी वर्ग नव्हता. मंगल एकटी आली होती, बंद आहे का विचारायला. आप्पांनी तिला गोळ्या दिल्या आणि शाळेकडं परत पाठवलं. मी मागच्या खोलीत होते, बाहेर आले नाही.

त्या सोमवारी मॅडम गेल्यावर सरांनी वही उघडली होती.

"ताई, हा धडा दोन्हीकडं बघितलता ना?"

"बघितला व्हता."

"तवा सारखं व्हतं?"

"व्हतं."

त्यांनी लगेच मानलं. एकदाही पुन्हा विचारलं नाही. मंगल ते शुक्रवारच्या आधीच शिकली होती, हा हिशोबही त्यांनी केला नाही. म्हणाले, "मंग शुक्रवारच्या आवृत्तीनंच घोळ घातला," आणि तसंच तिकडं लिहून पाठवलं. पहिलं ठीक होतं, नव्या आवृत्तीत बिघडलं. हे काम असं असतं, की तक्रार करणारा सांगतो त्या जागी दुरुस्त करणारे शोधतात. त्या माणसांनी शुक्रवारच्या आवृत्तीत जे जे नवीन घातलं होतं ते सगळं उकलून बघितलं. बिनपगारी माणसं, आपापली कामं सांभाळून. दोन आठवडे त्यांना काही सापडलं नाही, कारण तिथं काही नव्हतंच.

मग एकाचं पत्र आलं. त्याला जुन्या आवृत्तीतही तेच दिसलं होतं. ताटं एकमेकांना ओलांडून येतात ना, मोकळं प्लगिन त्यांची पहिली जागाच धरून बसत होतं. म्हणून डोळ्यांना दिसायचं एक ताट आणि त्याला कळायचं दुसरं. दुरुस्ती एका ओळीची होती आणि ती त्यानं केलीही होती. पण त्याला एक गोष्ट जुळत नव्हती. त्यानं विचारलं होतं, तुमच्याकडं हे शुक्रवारच्या आधी कुणाला दिसलं होतं का?

सरांनी मला बोलावून पत्र मराठीत वाचून दाखवलं. "काय लिहू ताई?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. वर्ग तर बंद झालाच होता, माझी नोकरी जाणार नव्हती, सर रागावणारे नव्हते. सांगायला याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती.

"न्हाई सर," मी म्हणाले, "न्हवतं दिसलं."

सर टाइप करायला लागले. लिहून झाल्यावर त्यांनी मला ते मराठीत सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून. त्यांनी लिहिलं होतं, की आमच्याकडं धडे तपासणाऱ्या बाई फार बारकाईनं बघतात. त्यांनी नाही म्हटलंय, म्हणजे ते तेव्हा नव्हतं.

पुढच्या वर्षी सर हैदराबादला गेले. आठ कॉम्प्युटर भंगारवाल्यानं नेले. कंपनीनंही आता आपलं ते प्लगिन बंदच करून टाकलंय, असं ऐकते. ब्राउझर आता जोड न लावता चित्रं हलवतात. त्या बिनपगारी लोकांचा कामाचा पत्रव्यवहार मात्र पुसत नाहीत, तो सगळ्यांसाठी उघडा ठेवतात, असं सर सांगायचे. म्हणजे सरांचं ते वाक्य तिथं असणार, त्यांच्या नावाखाली. कुणालाही वाचता येईल. मला इंग्रजी येत नाही, पण त्यात काय लिहिलंय ते मला माहीत आहे.